उन्हात लागलेला पाट

"कायद्यानं न्हाई ओ ताई, पण हाय."

हे वाक्य बोलताना ते उजव्या हाताचा पंजा उपडा करून हवेत असा फिरवायचे, जणू समोर एखादं टेबल आहे आणि त्यावरची धूळ पुसायची आहे. रानाकडं जायच्या वाटेबद्दल विचारलं की हेच. ती वाट शेजाऱ्याच्या बांधावरून जायची, सातबाऱ्यावर तिचा पत्ता नाही, पण आज्यापासून सगळे तिथूनच चालत आलेले. दारातला नळ, घरामागचा पत्र्याचा गोठा, देवळापुढच्या कट्ट्यावरची त्यांची ठरलेली जागा, सगळं त्याच सदरात. आणि घरात विळीवर खोबरं खवत बसलेल्या बाईंकडं बघून मी पहिल्यांदा विचारलं, "या तुमच्या पत्नी?" तेव्हाही तोच पंजा, तीच धूळ, तेच वाक्य.

मला अशा वाक्यांचा राग येतो. आधीच सांगते. मी साताऱ्यात बायकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संघटनेत आहे. माझ्याकडं पत्रकं लिहायचं काम असतं. लग्नाची नोंदणी करा. काडीमोडीला बळी पडू नका. पंचांना विचारू नका, कायद्याला विचारा. माझी वाक्यं आखूड असतात आणि बहुतेक आज्ञार्थी असतात. बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर उभी राहून मी ती वाटते. लोक घेतात, घडी घालतात आणि गाडी लागेपर्यंत तिनं वारा घेतात.

हे गृहस्थ मात्र पत्रक शेवटपर्यंत वाचून आले होते, अगदी खालच्या छापखान्याच्या नावासकट. पन्नाशीच्या आतबाहेरचे, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, पायात आखातातून आणलेले चांगले बूट, त्यावर आपल्या औंधकडची लाल धूळ. आमच्या ऑफिसातल्या खुर्चीवर न बसता उभ्यानंच त्यांनी विचारलं, "ह्यात भाईरल्या देशातली बाई बसती का?"

त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. गाव सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवरचं, एवढं पुरे. तुमच्या ओळखीतही असा एखादा माणूस असेल, जो आयुष्यभर परक्या मुलखात राबतो, परत येतो, आणि मग गावातही पाहुण्यासारखा सावरून बसतो.

ते एसी दुरुस्त करायचे. आखातात वीसेक वर्षं काढली. सुट्टीला आले की घरचे मुली दाखवायचे. मुलीकडच्यांना शेती चालायची, नोकरीही चालायची, पण मुलगा पुण्यात नाही म्हटल्यावर चहाचा कप खाली यायचा. "सुट्टी संपायची, पोरगी मिळायची न्हाई," ते सांगायचे. "पुढं पुढं आईनं बी इचारायचं सोडलं. मग मला बरं वाटाय लागलं, आणि मग बरं वाटंना झालं."

बाईंची आणि त्यांची ओळख तिकडच्या एका दवाखान्यात झाली. त्या तिथं मदतनीस होत्या, हे एसी बघायला जायचे. बाई फिलिपाईन्समधल्या, ख्रिस्ती. तरुणपणी लग्न झालेलं, एक मुलगी. नवरा मुलगी लहान असतानाच दुसरीबरोबर राहायला गेला आणि तिकडंच त्याचा संसार वाढला. यात लपवाछपवी काही नव्हती. त्यांच्या बेटावरच्या सगळ्यांना माहीत होतं, चर्चलाही माहीत होतं.

आखातात त्या दोघांना एका छपराखाली राहायची सोय नव्हती. ते ज्या देशात होते तिथं लग्नाचा दाखला नसलेल्या बाईनं आणि पुरुषानं एकत्र राहणं म्हणजे गुन्हा. म्हणून शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी दोघं समुद्राकाठच्या बाकावर बसायचे, आणि मधे वाणसामानाची पिशवी ठेवायचे. "पोलिस आलाच तर म्हनायचं, ही पिशवी कुनाची ते बी ठावं न्हाई," हे सांगून ते हसायचे. किती वर्षं बसलात असं, म्हटल्यावर हसणं थांबायचं. "पिशव्या लय झाल्या ओ ताई."

कंपनीचं काम संपलं तसे ते गावाला आले. मागोमाग बाई आल्या, पर्यटक व्हिसावर.

गावानं त्यांना "मनिला" असं नाव ठेवलं. बाई मनिलाच्या नव्हत्याच, दूरच्या दुसऱ्या एका बेटावरच्या. हे गृहस्थ प्रत्येकाला थांबवून सांगायचे, "मनिला न्हाई ओ. मनिला लांब ऱ्हायली. ही बेटावरची." लोक मान हलवायचे आणि म्हणायचे, "बरं बरं, मग मनिलाला आमच्याकडं चहाला धाडा." बाई मात्र हाक मारली की ओ द्यायच्या. सासूच्या हाताखाली त्या भाकरीच्या आधी मराठी शिकल्या. "लय ऊन हाय," हे त्यांचं पहिलं वाक्य, आणि ते त्या इतक्या मनापासून म्हणायच्या की ऐकणाऱ्याला घाम यायचा.

तर हे गृहस्थ आमच्या ऑफिसात आले तेव्हा काडीमोड उरकलेली होती.

काडीमोड म्हणजे काय हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगायला नको. नवरा पंचांपुढं गवताची काडी मोडतो, नातं तुटतं. मग त्या बाईचं दुसरं लग्न लावायचं तर त्याला लग्न म्हणत नाहीत, पाट म्हणतात. मंडप नाही, वाजंत्री नाही, आणि तोही दिवस मावळल्यावर. ही चाल आता मोडत आली आहे आणि ती मोडावी म्हणून मी पत्रकं काढते. या घरात मात्र म्हातारीनं, म्हणजे यांच्या आईनं, ती नव्यानं उभी केली होती. आणि काडी मोडायला नवरा हवा म्हणून त्या नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला होता.

हे सगळं त्यांनी मला अभिमानानं सांगितलं. देवळापुढच्या कट्ट्यावर चार जाणती माणसं बसली. मोबाइल नारळाला टेकवून उभा केला. पलीकडं त्या बेटावर तो गडी आपल्या दारात मांस भाजत बसला होता. थोरल्या पंचांनी मराठीत विचारलं, राजीखुशीनं सोडतोस का. यांनी त्याचं इंग्रजी केलं, बाईंनी त्यांच्या भाषेत केलं. तिकडून उत्तर दोन भाषा ओलांडून परत आलं, की हो, सोडतो, आणि तिकडं पाऊस कसा आहे, आणि ती जाड झालेली दिसते. मग त्याला काडी मोडायला सांगितली. त्यानं मांस टोचायची बांबूची काडी उचलली आणि कॅमेऱ्यापुढं धरून मोडली. मागं उभ्या असलेल्यांना दिसलं नाही म्हणून त्यानं परत एक मोडली. बायकांच्या बाजूनंही मागणी आली, तेव्हा आणखी एक.

"गडी लय दिलदार निघाला," ते म्हणाले. "शेवटाला मलाच म्हनला, सांभाळ."

मी टेबलावर हात आपटला. पंचांना हा अधिकार कुणी दिला. एका ख्रिस्ती बाईचं, दुसऱ्या देशातलं लग्न तुमचा कट्टा मोडणार कसं. बाईला कुणी विचारलं होतं का, की तिलाही भाषांतर करायला बसवलं. काडी मोडणं हा बाईचा अपमान आहे. मी पत्रकच बोलून दाखवलं, मधले स्वल्पविरामसुद्धा न गाळता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग खुर्ची ओढून पहिल्यांदा बसले.

"मग तुमी सांगा कसं करायचं. व्हिसा उन्हाळा सरंस्तवर हाय. बायकू म्हनून नोंद झाली तर ऱ्हाईल. न्हाई झाली तर जाईल."

मी त्यांच्या गावी गेले ती म्हातारीशी भांडायला. खोटं कशाला सांगू.

म्हातारी दारात मिरच्या निवडत होती. मी सुरुवात केली, आजी, ही चाल बेकायदेशीर आहे. तिनं मान वर न करता विचारलं, "तुजं लगीन झालंय का गं?"

"नाही."

"मग बस."

मी बसले. तिनं सूप माझ्याकडं सरकवलं, मीही देठं खुडायला लागले. मग ती बोलली, आणि तेही मिरच्यांकडं बघतच.

"मला बी काडी मोडून दिली हुती. पैल्या घरनं. मग ह्येच्या बानं पाट लावला. दिस मावळल्यावर. दिवा बी बारीक केला हुता. सवाशिनी तोंडं फिरवून बसल्या, आणि घरात घेतली ती मागल्या दारानं. जलमभर हळदीकुकवाला कुनी बोलवलं न्हाई मला. हिचा पाट मी उन्हात लावला. भर बारा वाजता. पुढल्या दारानं आनली. समद्या गावानं डोळं मिचकावत का हुईना, पर बघितलं. आता तुजा कायदा काय म्हनतोय ते तू बघ."

बाईंनी आतून चहा आणला. कपाळावर मोठं कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, आणि खाली क्रॉसही. मी त्यांना इंग्रजीत विचारलं की हे सगळं तुमच्या मर्जीनं चाललंय ना. त्यांनी मराठीत उत्तर दिलं, "मर्जी हाय. साखर कमी हाय."

साताऱ्यात विवाह नोंदणीच्या कार्यालयात आम्ही तिघं गेलो. विशेष विवाह कायद्याखाली अर्ज करता येतो, धर्म वेगळा, देश वेगळा असला तरी. हे मी त्यांना वाटेत समजावून सांगितलं. माझा या कायद्यावर फार जीव आहे. त्यात देव नाही, जात नाही, मानपान नाही. दोन माणसं, तीन साक्षीदार, सही. जगातल्या कुठल्याही दोघांसाठी दार उघडं, असं मी म्हणाले, बहुतेक हात पसरून.

अधिकारी भला माणूस होता. त्यानं अर्ज बघितला आणि म्हणाला, बाईंचं आधी लग्न झालेलं आहे, तर त्या आता लग्नाला मोकळ्या आहेत असा त्यांच्या देशाचा दाखला लागेल.

यांनी लगेच खिशातून मोबाइल काढला आणि काडीमोडीचा व्हिडिओ लावला. "हे बघा सायेब. त्येच्या तोंडानं हाय." अधिकाऱ्यानं चष्मा वर करून बघितलं. शेजारच्या टेबलावरचे दोघं उठून आले. काडी मोडल्याचा आवाज झाला तसं कुणीतरी मागून म्हणालं, परत लावा. सगळं कार्यालय हसलं, हेही हसले. बाई हसल्या नाहीत. त्या टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होत्या.

"दाखला न्हाई मिळनार," त्या म्हणाल्या. "तितं सोडचिठ्ठी न्हाई."

अधिकाऱ्याला वाटलं, बाईंची सोडचिठ्ठी झालेली नाही असं त्यांना म्हणायचं आहे. मलाही तेच वाटलं. बाईंनी मग इंग्रजीत सावकाश सांगितलं. त्यांच्या देशात घटस्फोट हा प्रकारच नाही. तिथल्या मुसलमानांसाठी वेगळा कायदा आहे, बाकीच्यांसाठी नाही. तिथं एकच वाट आहे, ते लग्न मुळात झालंच नव्हतं असं कोर्टात सिद्ध करायचं. त्याला वर्षं जातात. हे त्यांनी यांना आखातात सांगितलं होतं, त्या बाकावर. पण यांना वाटलं, आपल्या गावात माणसं बसवून मोकळं करतात, तिकडच्यांना ती अक्कल नसेल एवढंच.

खरं सांगते, मलाही माहीत नव्हतं. मी घटस्फोटासाठी झगडणाऱ्या बायकांबरोबर कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. पण एका अख्ख्या देशात ती पायरीच नसेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मला संताप आला. त्या देशाचं तोंड माझ्यापुढं नव्हतं, अधिकाऱ्याचं होतं. मी त्याच्यावर घसरले. नवऱ्यानं टाकलेली बाई, तिनं जन्मभर त्याच्याच नावानं राहायचं का, आणि तुम्ही इथं बसून त्या अन्यायाला शिक्का मारायचा का.

तो शांतपणे म्हणाला, "ताई, उद्या इथलाच एखादा पहिली बायको टाकून असाच व्हिडिओ घेऊन आला, आणि मी दुसरीची नोंद केली, तर धरणं कोण धरेल माझ्या दारात?"

मीच धरणार. माझ्या पत्रकात तेच लिहिलेलं आहे.

हे गृहस्थ मधे पडून अधिकाऱ्याचीच समजूत घालायला लागले, की सायेब, तुमची चूक न्हाई. मग उठता उठता म्हणाले, "निदान त्यो व्हिडिओ तरी ठिवून घ्या. गावानं यवडं केलंय."

"कुठं ठेवू?" अधिकाऱ्यानं विचारलं. त्यानं खरंच आजूबाजूला बघितलं.

म्हातारीला आम्ही घरी येऊन सांगितलं तेव्हा तिनं एकच शंका काढली. लगीन झालंच न्हवतं म्हनायचं, तर मग लेकरू कुठनं आलं म्हनायचं. याचं उत्तर त्या देशाच्या कायद्याकडं असेल.

मग मी जे करते ते केलं. वकिलांना फोन केले, वाचलं, अर्ज लिहिले, मोठ्या ऑफिसांना ईमेल पाठवले. माझ्यासारख्या माणसाला वाटतं की अन्याय दिसला की त्याचं दार कुठंतरी असणारच, ठोठावत राहायचं. इथं दारं तीन होती आणि प्रत्येकानं दुसऱ्याकडं बोट दाखवलं. गावात त्या यांच्या बायको होत्या, पण गावाला व्हिसा देता येत नाही. आखातात परत कामाला जावं तर दाखल्याशिवाय पुन्हा वेगवेगळ्या खोल्या. आणि यांनी तिकडं त्यांच्या बेटावर जाऊन राहावं तर तिथला कायदा आणखी भारी. लग्न झालेली बाई दुसऱ्याबरोबर राहिली तर नवऱ्याच्या तक्रारीवर दोघांनाही तुरुंग. तो नवरा स्वतः दुसरीबरोबर पोराबाळांत नांदतो आहे, तरीही. पुरुषाला अडकवायचं कलम तिथंही सैल आहे. वाचून मी ती छापून घेतलेली पानं भिंतीवर फेकली.

"पर त्यो गडी दिलदार हाय ओ," ते म्हणाले.

"आज आहे," मी म्हणाले. "उद्या त्याचं डोकं फिरलं तर?"

हे मी बोलायला नको होतं असं नाही. खरं ते सांगायलाच हवं. पण त्यानंतर ते "दिलदार" हा शब्द वापरताना मला दिसले नाहीत.

उन्हाळा सरला. बाईंना मुंबईला विमानावर सोडायला जाताना दोघं साताऱ्याच्या स्टँडवर थांबले, मी भेटायला गेले. म्हातारीनं घरीच ओटी भरली होती, तिचा खण बाईंनी पर्समध्ये न घालता हातात धरला होता. यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तिकडं उतरताना गळ्यात मंगळसूत्र दिसलं तर पुरावा होईल का. मी म्हणाले, काढून ठेवलेलं बरं. तसं त्यांनी बाईंना सांगितलं, विमानातच काढ.

"तितं काडीन," बाई म्हणाल्या. "विमानात न्हाई."

विमान कुठल्याच देशाचं नसतं असं त्यांना वाटत असावं. मी दुरुस्त केलं नाही.

तेव्हापासून मी त्यांना जास्त बघितलं, कारण ते बाजाराच्या दिवशी ऑफिसात येऊन बसायला लागले. काम काही नसायचं. आमचा पंखा कुरकुरायचा, तो त्यांनी न विचारता उतरवला, पुसला, परत लावला. मग बसून राहायचे. कोर्टात तारीख मिळाली का, मी विचारायचे. मिळाली, पुढं गेली. बाईंनी तिकडं म्हाताऱ्यांच्या एका आश्रमात नोकरी धरली होती, वकिलाचं भागवायला. लग्न झालंच नव्हतं हे सिद्ध करायला साक्षीदार लागतात, डॉक्टर लागतो, नवऱ्याचं डोकं लग्नाच्या वेळी ठिकाणावर नव्हतं असं सांगणारा. हे ऐकल्यावर ते एकदा म्हणाले, "त्येचं डोकं तर भारी चालतं ओ."

गावातली माणसं वाईट नव्हती, पण त्यांना विषय हवा असतो. पारावरचे विचारायचे, "काय रं गड्या, मोबाइलातनं भाकरी थापती का न्हाई?" ते हसायचे. गावात कुणाचंही लग्न निघालं की पत्रिका दोघांच्या नावानं यायची. ते एकटेच जायचे, अक्षता टाकायचे आणि शेवटच्या पंगतीला बसायचे, म्हणजे शेजारचं ताट कुणाचं असा प्रश्न उरत नाही. बाईंसारखा नारळाच्या दुधातला आंबट रस्सा ते करायला शिकले होते. म्हातारीला तो गिळवायचा नाही. ते एकटेच जेवायचे, भात कालवून, हळूहळू.

"कवा यायची मनिला?" असं विचारणारा कुणीतरी भेटायचाच. आधी ते थांबून सांगायचे, मनिला न्हाई, बेटावरची. अलीकडं ते नुसतंच म्हणतात, "यील."

या काळात त्यांनी जुन्या घरापुढं दोन खोल्या बांधल्या. स्लॅबच्या, पुढं ओसरी. मला दाखवायला मुद्दाम नेलं. स्वयंपाकघरात गेल्यावर मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, मग लक्षात आलं, ओटा बुटका होता. गवंड्यानं दोनदा विचारलं म्हणे, की दादा, कंबर मोडंल. बाईंची उंची बेताची. ओटा त्यांच्या मापाचा घातला होता. त्यावर यांनीच वाकून चहा केला, आणि कमरेला हात लावून सरळ झाले.

घर तयार झालं तरी वास्तुशांत होईना. जोडीनं बसायचं असतं. ते थांबून राहिले. पावसाळा गेला, सुगी गेली, कोर्टाची तारीख आणखी पुढं गेली. शेवटी म्हातारी म्हणाली, मी हाय तवर उरकून टाक. मला बोलावणं आलं. एरवी मी असल्या पूजांना जात नाही, आणि का जात नाही हेही विचारलंत तर सांगेन. पण गेले.

वडूजकडून गुरुजी आले होते. तरुण, घाईतले, पुढं आणखी दोन ठिकाणी जायचं असलेले. धोतर नेसून, अंगावर उपरणं घेऊन ते पाटावर बसले. शेजारचा पाट मोकळा. गुरुजींनी विचारलं, "यजमानीणबाई?"

बाईंना फोन लावायचं आधी ठरलं होतं, पण त्या वेळी त्या आश्रमात ड्युटीवर होत्या आणि तिथं फोन आत नेऊ देत नाहीत. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं, आता कुणीतरी हसणार, किंवा आता गुरुजी दाखला मागणार. सवयीनं मी उत्तराची तयारीही केली.

"परदेशी हायत," गवंडी म्हणाला. तो पंगतीला आला होता.

"मग कमरेला सुपारी लावा," गुरुजी म्हणाले, आणि तबकातली एक उचलून त्यांच्या हातावर ठेवली.

ही चाल तुम्हाला माहीत असेल. बायको हजर नसली तर तिच्या जागी पुरुषाच्या कमरेला सुपारी. जित्याजागत्या बाईच्या जागी सुपारी. मी यावर पूर्वी अर्धं पान लिहिलं आहे, चांगलं झोंबणारं, आणि त्यातला एकही शब्द आज मागं घेत नाही.

त्यांनी सुपारी लगेच लावली नाही. हातात फिरवली.

"गुरुजी, ही कुनाला लावत्यात?"

"म्हणजे?"

"बिनलग्नाच्याला बी लावत्यात का?"

"छे. त्याला कशाला? ज्याला बायको आहे आणि ती इथं नाही, त्याला."

त्यांनी आईकडं बघितलं. मग म्हणाले, "आईला कमी ऐकू येतं. जरा मोठ्यानं सांगता का?"

गुरुजींनी घड्याळाकडं बघितलं आणि मोठ्यानं सांगितलं. शब्द न् शब्द तोच. बायकांच्या बाजूला कुणीतरी मान हलवली. म्हातारीनं पदर सारखा केला. मी माझ्या पर्सची चेन उगाच उघडून परत लावली.

त्यांनी सुपारी उपरण्याच्या टोकात बांधली, टोक कमरेला खोचलं, आणि खोचलेल्या जागी डावा हात ठेवला. पूजा पुष्कळ चालली. होमात तूप सोडताना, पाण्याचं भांडं उचलताना, गुरुजी दोन्ही हात जोडा म्हणाले तेवढ्यापुरता तो हात निघायचा आणि लगेच परत जाऊन बसायचा.

जेवणं झाली, पाहुणे गेले, गुरुजी पुढच्या घरी गेले. मी निघायला म्हणून चपला घातल्या आणि सांगायला आत डोकावले. म्हातारी ओसरीवर कलंडली होती. ते नव्या स्वयंपाकघरात एकटे, त्या बुटक्या ओट्यावर वाकून चहाचे कप विसळत होते. धोतर बदललेलं नव्हतं. एका हातानंच विसळत होते.